आवाजाला दिशा देणारा अभियंता

दूरचित्रवाणी संच जसजसा सपाट होत गेला, तसतसा त्याचा आवाज क्षीण होत गेला. पूर्वीच्या जाडजूड पेटीत स्पीकरला पुरेशी जागा होती. आताच्या बोटभर जाडीच्या पडद्यात ती उरलेली नाही. म्हणून पडद्याखाली लांबट साउंडबार येऊन बसला. तो आणल्यावरही अनेक घरांतील तक्रार मात्र कायम राहते. पार्श्वसंगीत दणाणते आणि पात्रांचे संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात. संवादांसाठी आवाज वाढवावा, तर पुढच्याच दृश्यातील स्फोटाने झोपलेले मूल दचकून उठते. आवाज मोठा असणे आणि आवाज चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाजाला मोठेपणाबरोबरच दिशाही हवी, हे १९३१ साली ज्या तरुण इंग्रज अभियंत्याने ओळखले आणि प्रत्यक्षात आणून दाखवले, त्यांचे नाव अॅलन डॉवर ब्लुमलाइन. स्टिरिओ ध्वनीचे जनक म्हणून ध्वनितंत्राच्या जगात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. घरोघरी मात्र त्यांचा शोध रोज वाजतो आणि नाव क्वचितच कुणाला ठाऊक असते. या विस्मृतीमागे एका युद्धाचे आणि एका अपघाताचे कारण आहे.

ब्लुमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील जन्माने जर्मन, पुढे ब्रिटिश नागरिक झालेले; आई दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या. अॅलन सात वर्षांचा असताना त्याने घरातील दारावरची बिघडलेली घंटा दुरुस्त केली आणि वडिलांच्या हाती रीतसर बिल ठेवले. त्यावर आपल्या नावापुढे विद्युत अभियंता अशी पदवीही त्याने स्वतःच लावून घेतली होती. याच मुलाला बारा वर्षांचा होईपर्यंत नीट वाचता येत नव्हते, असे सांगितले जाते. अक्षरांशी त्याचे जमत नव्हते. समीकरणांशी मात्र सहज जमत होते. हायगेट शाळेतून तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात गेला आणि १९२३ साली प्रथम श्रेणीत पदवीधर झाला.

पहिली नोकरी दूरध्वनीच्या क्षेत्रातली होती. लांब पल्ल्याच्या केबलमध्ये शेजारशेजारच्या तारांतील संभाषणे एकमेकांत मिसळत. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडे. हा घोळ कमी करण्याच्या कामात ब्लुमलाइन यांनी लवकरच नाव मिळवले. दोन तारांतील विद्युत संदेशांची बेरीज आणि वजाबाकी कशी करावी, नको असलेला भाग कसा रद्द करावा, याचे शिक्षण त्यांना येथे मिळाले. पुढे हेच गणित त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाच्या मुळाशी आले.

१९२९ साली ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत दाखल झाले. तेथे आयझॅक शोनबर्ग हे त्यांचे वरिष्ठ होते. रशियातून आलेला हा गृहस्थ माणसांची पारख असणारा होता. त्या काळी विजेच्या साहाय्याने तबकड्या मुद्रित करण्याचे पेटंट अमेरिकी कंपनीकडे होते आणि प्रत्येक तबकडीमागे स्वामित्वधन मोजावे लागे. त्या पेटंटला वळसा घालून नवे यंत्र बनवण्याचे काम ब्लुमलाइन यांच्याकडे आले. हर्बर्ट होल्मन यांच्या साथीने त्यांनी चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्यावर चालणारे मुद्रणयंत्र तयार केले. स्वामित्वधन वाचलेच, शिवाय नव्या यंत्राचा आवाज जुन्याहून स्वच्छ निघाला. १९३१ साली कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय ही कंपनी स्थापन झाली आणि हेज येथील तिची प्रयोगशाळा ब्लुमलाइन यांची कर्मभूमी ठरली.

त्याच वर्षी घडलेला प्रसंग ध्वनितंत्राच्या इतिहासात कायम सांगितला जातो. बोलपट नुकतेच आले होते. भावी पत्नी डोरीन यांच्यासह ब्लुमलाइन चित्रपट पाहण्यास गेले. पडद्यावर नट डावीकडून उजवीकडे चालत जाई. त्याचा आवाज मात्र एकाच जागी ठेवलेल्या स्पीकरमधून येत राही. प्रेक्षकांना त्यात वावगे वाटत नव्हते. ब्लुमलाइन यांना तो अक्षम्य दोष वाटला. आवाज नटाच्या मागोमाग पडद्यावरून फिरला पाहिजे आणि तसे करण्याचा मार्ग आपल्याला सापडला आहे, असे त्यांनी डोरीनना सांगितले.

हा मार्ग त्यांनी माणसाच्या कानांकडून शिकून घेतला होता. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. खर्जातील स्वरांची दिशा मेंदू मुख्यतः वेळेच्या सूक्ष्म फरकावरून ओळखतो, तर तार स्वरांची दिशा तीव्रतेच्या फरकावरून. समोर दोन स्पीकर ठेवले आणि त्यांच्या आवाजाच्या तीव्रतेत योग्य फरक राखला, तर स्पीकर नसलेल्या मधल्या जागेतूनही आवाज येत असल्याचा प्रत्यय ऐकणाऱ्याला येतो, हे त्यांनी गणिताने दाखवले. एकमेकांशी काटकोन करून एकाच जागी ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांची त्यांची रचना आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन स्वतंत्र ध्वनी कोरण्याची युक्तीही त्यांचीच. दोन्ही ध्वनींची बेरीज आणि वजाबाकी वेगळी काढून, वजाबाकीचा भाग कमीजास्त करून आवाजाचा पसारा आकुंचित वा विस्तृत करता येतो, हेही त्यांनी नोंदवले. १४ डिसेंबर १९३१ रोजी दाखल झालेल्या त्यांच्या पेटंटमध्ये तब्बल ७० दावे होते. तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते.

१९३३ साली डोरीन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जानेवारी १९३४ मध्ये अॅबी रोड येथील स्टुडिओत सर थॉमस बीचम यांच्या संचालनाखाली मोत्सार्टची ज्युपिटर सिंफनी या पद्धतीने प्रायोगिकरीत्या मुद्रित झाली. १९३५ साली छोटे चित्रपटही तयार झाले. त्यांपैकी एकात माणसे बोलत रंगमंचावरून चालतात आणि आवाज त्यांच्यासोबत सरकतो; दुसऱ्यात हेज स्थानकातून जाणारी आगगाडी डोळ्यांबरोबर कानांसमोरूनही निघून जाते. चित्रपटगृहातील तो दोष दूर झाला होता. पण बाजार तयार नव्हता. जागतिक मंदीने तबकड्यांचा खप घटला होता. घरात दोन स्पीकर आणि दोन अॅम्प्लिफायर ठेवणे ही त्या काळी चैन होती. ईएमआयने स्टिरिओचे काम बाजूला ठेवले आणि आपली बुद्धिमान माणसे दूरचित्रवाणीकडे वळवली.

ब्लुमलाइन तेथेही आघाडीवर राहिले. शोनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली ४०५ रेषांची पूर्णतः इलेक्ट्रॉनिक प्रणाली विकसित झाली आणि २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रसारण सुरू केले. त्या प्रणालीतील अनेक विद्युतमंडले ब्लुमलाइन यांची होती. लांब केबलमधून येणाऱ्या चित्रसंदेशातील उपद्रव वजा करण्यासाठी त्यांनी दोन व्हॉल्व्हची जी जोडी योजली, तिचे वंशज आजच्या असंख्य अॅम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यावर बसलेले आढळतात. अशा रीतीने पडद्यावरचे चित्र आणि त्याखालचा आवाज, या दोहोंवर एकाच माणसाचा ठसा उमटला. छोट्याशा कारकीर्दीत त्यांच्या नावावर १२८ पेटंटे जमा झाली. मात्र पियानो शिकण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि त्यांनी तो सोडून दिला. विमान चालवण्याची त्यांना मनापासून आवड होती.

महायुद्ध सुरू झाल्यावर हीच बुद्धी रडारच्या कामी आली. रात्रीच्या काळोखात वा ढगांआडून खालचा प्रदेश वैमानिकाला पडद्यावर दिसावा, यासाठी एचटूएस नावाचे रडार तयार होत होते. ७ जून १९४२ या रविवारी त्याच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स जातीच्या बॉम्बफेकी विमानाने डेफर्डच्या तळावरून उड्डाण केले. विमानात ब्लुमलाइन आणि ईएमआयमधील त्यांचे सहकारी सेसिल ब्राउन व फ्रँक ब्लाइदन होते. एका इंजिनाच्या देखभालीत एक चाकी नीट आवळली गेली नव्हती. हवेत असताना त्या इंजिनाने पेट घेतला आणि वेल्सच्या सीमेजवळील वेल्श बिकनर येथे विमान कोसळले. आतील ११ जणांपैकी एकही वाचला नाही. ब्लुमलाइन यांना ३९ वर्षे पूर्ण होण्यास तीन आठवडे उरले होते. मागे डोरीन आणि दोन लहान मुलगे राहिले.

शत्रूला सुगावा लागू नये म्हणून अपघाताची वार्ता दडपण्यात आली. देशाने एक असामान्य अभियंता गमावला, पण त्याचा जाहीर शोक करण्याचीही सोय नव्हती. बर्नार्ड लव्हेल यांच्या गटाने उरलेले काम नेटाने पुरे केले. जानेवारी १९४३ मध्ये एचटूएस प्रत्यक्ष मोहिमेवर गेले. युद्धानंतरही रडारच्या कामावर गुप्ततेचे सावट बराच काळ राहिले. इकडे स्टिरिओचे पेटंट १९५२ साली संपुष्टात आले आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात सर्वत्र दिसू लागल्या त्या १९५८च्या सुमारास. त्यांच्या खोबणीच्या दोन भिंती ब्लुमलाइन यांनी सांगितल्याप्रमाणेच एकमेकींशी काटकोनात होत्या. ज्या शोधामुळे सारे संगीतविश्व बदलले, त्याचे श्रेय वा मोबदला पाहण्यास शोधकर्ता उरला नव्हता. १९७७ साली ईलिंगमधील त्यांच्या घरावर स्मृतिफलक लागला. सविस्तर चरित्रे येण्यास १९९९ आणि २००० साल उजाडावे लागले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला.

आज साउंडबारच्या अरुंद पेटीत डावा आणि उजवा स्पीकर हातभर अंतरावर असतात. तरीही आवाज भिंतीभर पसरल्याचा भास निर्माण केला जातो. त्यातील बेरीज-वजाबाकी ब्लुमलाइन यांचीच आहे. तिच्यात मूळ भारतीय असलेले बिष्णू अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत केलेल्या संशोधनाची भर पडली आहे. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानी पोहोचतो, तो उलट ध्वनीने रद्द करण्याची ही विद्या होय. पण ती साधण्यासाठी ऐकणारा मध्यभागी असावा लागतो आणि स्पीकरच्या वाटेत अडथळा असून चालत नाही. कपाटाच्या कप्प्यात आत ढकललेला किंवा शोभेच्या वस्तूंआड दडलेला साउंडबार कितीही महाग असला तरी गुदमरतो. तो टेबलाच्या पुढच्या कडेशी, शक्यतो कानांच्या पातळीजवळ आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवला, की बटणाला हात न लावता आवाज खुलतो. वूफर कोपऱ्याकडे सरकवल्यास खर्ज वाढतो. तो संवादांवर मात करू लागला तर कोपऱ्यापासून दूर न्यावा. संचाचे स्वतःचे स्पीकर बंद ठेवावेत, अन्यथा दोन आवाज मागेपुढे येऊन शब्द पुसट होतात. संवादांसाठी वेगळी सोय असल्यास आधी ती वापरावी, आणि रात्री मोठ्या व लहान आवाजांतील दरी कमी करणारी सोय सुरू करावी.

केवळ अधिक वॅट विकत घेणे हा महागडा आणि कमी फलदायी उपाय आहे. वीजशक्ती दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. १९३१ साली चित्रपटगृहात बसलेल्या ब्लुमलाइन यांनीही आवाज वाढवण्याची मागणी केली नव्हती. आवाज ज्याचा आहे त्याच्या मुखातून तो यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून बटणाकडे हात जाईल, तेव्हा आधी साउंडबारची जागा आणि आपली बैठक तपासून पाहावी, हा धडा त्यांच्या कार्यातून आजही घेता येतो.