हृदयाच्या ठोक्याचा उगम शोधणारे सर थॉमस लुईस

विद्यार्थी मित्रांनो, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका व खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. अल्लाहने आपल्या छातीत बसविलेले हे यंत्र जन्मभर अविश्रांत चालते. त्याच्या प्रत्येक ठोक्याची विजेची सूक्ष्म लहर उजव्या कर्णिकेतील एका लहानशा गाठीतून निघते. ही गाठ १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी शोधली. फ्लॅक तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थीच होता.

परंतु काही माणसांचे हृदय एकाएकी मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा धडधडू लागते, तर काहींचे ठोके कसलाच ताळमेळ न ठेवता पडतात. ही धडधड नेमकी कोठून सुरू होते, या प्रश्नासाठी आपल्या उमेदीची वर्षे वेचणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर थॉमस लुईस.

लुईस यांचा जन्म २६ डिसेंबर १८८१ रोजी वेल्समधील कार्डिफ शहरी झाला. वडील खाणींचे अभियंता होते. प्रकृतीमुळे त्यांना शाळा फार काळ लाभली नाही. जेमतेम एक वर्ष ते क्लिफ्टन येथील शाळेत होते. बाकीचे बरेचसे शिक्षण घरीच, आईच्या हाताखाली झाले. घरची आई शिकलेली असली तर आजारी मुलाचेही शिक्षण खुंटत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय. सोळाव्या वर्षी त्यांनी कार्डिफच्या कॉलेजात प्रवेश घेतला व पुढे प्रथम वर्गात पदवी मिळविली. १९०२ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये दाखल झाले आणि १९०५ साली सुवर्णपदकासह डॉक्टर झाले. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी हे रुग्णालय सोडले नाही.

१९०८ च्या सुमारास त्यांची गाठ डॉ. जेम्स मॅकेन्झी यांच्याशी पडली. मॅकेन्झी हे बर्नली गावात अनेक वर्षे साधी डॉक्टरकी केलेले अनुभवी गृहस्थ. मनगटाची नाडी आणि मानेची शीर यांचे एकाच वेळी आलेख काढून त्यांनी अनियमित ठोक्यांचा अभ्यास केला होता. ठोके पूर्णपणे बेताल झाले की मानेच्या शिरेतील कर्णिकेची लहर नाहीशी होते, हे त्यांनी पाहिले होते. त्यावरून त्यांनी असा तर्क केला की, अशा वेळी ठोका कर्णिका व जवनिका यांच्या मधल्या गाठीतून निघत असावा.

लुईस यांनी हा तर्क तसाच स्वीकारला नाही. हॉलंडचे शास्त्रज्ञ आइन्टहोवेन यांनी हृदयातील विजेचा आलेख काढणारे यंत्र तयार केले होते. आज ज्याला आपण ई.सी.जी. म्हणतो त्याचेच ते मूळ रूप. रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. लुईस यांनी हे यंत्र रुग्णालयाच्या तळघरात बसविले. १९०९ साली त्यांनी दाखवून दिले की, बेताल ठोके पडत असताना कर्णिका स्तब्ध नसतात. त्यांचे स्नायू अतिशय वेगाने नुसते थरथरत असतात. व्हिएन्नाच्या दोन शास्त्रज्ञांनीही त्याच सुमारास तेच सिद्ध केले. पुढे अशी बेताल नाडी असलेल्या घोड्यांच्या उघड्या हृदयात लुईस यांनी ही थरथर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली. मॅकेन्झी यांनी शिष्याचे म्हणणे मान्य केले. गुरूला पुराव्याने दुरुस्त करणारा शिष्य आणि ती दुरुस्ती मोठ्या मनाने स्वीकारणारा गुरू, दोघेही धन्य!

आता उगम शोधण्याची त्यांची रीत पाहा. कर्णिका आकुंचन पावताना आलेखात एक लहान लहर उमटते. लुईस यांनी कुत्र्याच्या कर्णिकेवर निरनिराळ्या ठिकाणी विजेचा सौम्य झटका देऊन ठोके निर्माण केले. तेव्हा जागा बदलली की लहरीचा आकारही बदलतो, असे त्यांना आढळले. नेहमीच्या गाठीजवळून निघालेली लहर सरळ उभी, तर खालच्या भागातून निघालेली उलटी दिसे. मग धडधडीचा झटका आलेल्या रुग्णाचा आलेख घेऊन ते ताडून पाहत. लहरीचा आकार बदललेला असला तर हा ठोका नेहमीच्या गाठीतून नव्हे, कर्णिकेतील दुसऱ्याच जागेतून निघतो, असा निर्णय छाती न उघडता देता येऊ लागला. १९११ साली त्यांनी हृदयाच्या ठोक्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व तो मॅकेन्झी आणि आइन्टहोवेन या दोघांना अर्पण केला.

१९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९२१ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १९४१ साली कोप्ले पदक लाभले. मात्र हृदयाच्या या जाणकाराला रोज सुमारे सत्तर सिगारेटी ओढण्याचे व्यसन होते. पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनी ते सोडले. तंबाखू रक्तवाहिन्यांना अपाय करते, हे फार लवकर ओळखणाऱ्यांपैकी ते एक होत. परंतु १७ मार्च १९४५ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, हृदयविकारानेच त्यांचे निधन झाले. विडी-सिगारेट ओढणाऱ्या पालकांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

लुईस यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. कर्णिकांची थरथर मुख्यतः एकाच गोल फिरणाऱ्या लहरीमुळे होते, असे ते मानीत. १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी, झटक्याझटक्याने थरथर होणाऱ्या ४५ रुग्णांची तपासणी केली. तेव्हा थरथर सुरू करणाऱ्या ६९ जागांपैकी ६५ जागा फुप्फुसांतून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांमध्ये सापडल्या. रक्त उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून डाव्या बाजूस येते, हा मार्ग तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी वर्णिला होता. त्याच मार्गावर हे उत्तर मिळावे, हा मोठा योगायोग होय. आज डॉक्टर बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन अशा जागांवर उपचार करतात. तरीही धडधडीचा रुग्ण आला की प्रथम त्या लहरीचा आकार पाहण्याची लुईस यांची रीत कायम आहे.

विद्यार्थी मित्रांनो, इल्म असेच पुढे जाते. उत्तरे बदलतात, पण प्रश्न विचारण्याची आणि पडताळून पाहण्याची खरी रीत टिकून राहते. तीच आपण शिकावी.