होळकर संघातील इंग्रज पाहुणा : डेनिस कॉम्प्टन



आपल्या भैरवगढहून महू सुमारे ८० किलोमीटर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात याच महूच्या लष्करी छावणीत एक इंग्रज सैनिक जवानांना व्यायामाचे शिक्षण देत असे. तो इंग्लंडच्या कसोटी संघातील फलंदाज होता आणि लंडनच्या आर्सेनल क्लबचा फुटबॉलपटूही! त्याचे नाव डेनिस कॉम्प्टन. परदेशी खेळाडूला कोणत्या नियमाने खेळू द्यावे, हा प्रश्न आजही इंग्लंडमध्ये गाजतो. तो समजून घ्यायला कॉम्प्टन यांचे चरित्र फार उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते.

कॉम्प्टन यांचा जन्म २३ मे १९१८ रोजी लंडनजवळच्या हेंडन येथे, साध्या कुटुंबात झाला. थोरले बंधू लेस्ली हेही दोन्ही खेळांत तरबेज. १९३६ मध्ये डेनिस मिडलसेक्सकडून क्रिकेट आणि आर्सेनलकडून फुटबॉल खेळू लागले. १९३७ मध्ये ते कसोटी खेळाडू झाले आणि १९३८ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक ठोकले. उन्हाळ्यात हातात बॅट आणि हिवाळ्यात पायाशी चेंडू, असा त्यांचा वर्षाचा क्रम असे.

त्या वेळी इंग्रजी फुटबॉलचे दार परदेशी खेळाडूंना जवळजवळ बंद होते. १९३० मध्ये आर्सेनलला ऑस्ट्रियाचा नामांकित गोलरक्षक रूडी हिडेन हवा होता. सरकारने त्याला कामाची परवानगी नाकारली. देशात बेकारी वाढलेली होती. बाहेरचा माणूस आला की घरच्या एका खेळाडूची भाकरी जाते, असे तेव्हा म्हटले जाई, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. १९३१ मध्ये फुटबॉल संघटनेने नियमच केला की, परदेशी व्यावसायिक खेळाडूने आधी दोन वर्षे इंग्लंडमध्ये वास्तव्य केलेले असावे. आता दोन वर्षे कमाईशिवाय परमुलखात कोण बसून राहणार? हा नियम १९७८ पर्यंत टिकला. तो उठताच त्याच वर्षी अर्जेंटिनाचे आर्दिलेस आणि व्हिया हे दोघे टॉटनहॅम क्लबात आले.

पुन्हा महूकडे वळू. तेथून इंदूर अगदी जवळ. यशवंतराव होळकर महाराजांच्या आश्रयाने तिथला होळकर संघ नावारूपाला आला होता. कर्नल सी. के. नायडू त्याचे कर्णधार. ते मूळचे नागपूरचे. संघातील चंदू सरवटे यांचा जन्म सागरचा. म्हणजे गुणी खेळाडू बाहेरून आणून त्यांना आपलेसे करण्याची या संघाची रीतच होती. कॉम्प्टन यांनाही तिथे जागा मिळाली.

मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. त्यात विजय मर्चंट यांच्या २७८ होत्या. होळकर संघापुढे दुसऱ्या डावात ८६७ धावांचा डोंगर उभा राहिला. मुश्ताक अली यांनी शतक केले आणि कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिले. संघ ३७४ धावांनी हरला, पण सामन्यात एकूण २०७८ धावा झाल्या आणि त्या खेळीचे नाव माळव्यात कायमचे राहिले.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. कॉम्प्टन यांना भारतात येण्यासाठी कोणाकडे परवाना मागावा लागला नाही, कारण तेव्हा राज्यच इंग्रजांचे होते. ते राज्यकर्त्यांच्या फौजेतून आले होते. तरीही होळकर संघाने त्यांच्याकडे एक चांगला खेळाडू म्हणूनच पाहिले, हा आपल्या मातीचा मोठेपणा आहे.

मायदेशी परतल्यावर १९४७ च्या एकाच हंगामात त्यांनी ३८१६ धावा आणि १८ शतके केली. हा विक्रम अजून कोणालाही मोडता आलेला नाही. आर्सेनलने १९४८ मध्ये साखळी स्पर्धा आणि १९५० मध्ये लिव्हरपूलला हरवून एफ. ए. कप जिंकला, तेव्हाही ते संघात होते. मात्र युद्धकाळात इंग्लंडतर्फे खेळलेले त्यांचे १२ फुटबॉल सामने अधिकृत मानले गेले नाहीत. त्यामुळे फुटबॉलच्या दप्तरी ते इंग्लंडचे आंतरराष्ट्रीय खेळाडू ठरलेच नाहीत! पुढे गुडघ्याने त्यांना फार छळले. तरी ७८ कसोटी सामन्यांत १७ शतकांसह ५८०७ धावा करूनच ते थांबले. २३ एप्रिल १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे नातू निक दक्षिण आफ्रिकेत जन्मले, पण इंग्लंडकडून कसोटी खेळले, आणि त्यांचे पदार्पण झाले ते भारतात, २०१२ मध्ये अहमदाबादला.

आता आपल्या खेळाडूंची बाजू पाहा. बायचुंग भूतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबाकडून खेळू शकले. पण २००९ मध्ये सुनील छेत्री यांना लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबाने करारबद्ध करायचे ठरवले, तेव्हा परवाना नाकारला गेला. कारण त्यांच्या खेळातले नव्हते. जागतिक क्रमवारीत भारत पहिल्या ७० देशांत नव्हता, एवढेच! २०२१ पासून तेथे गुणांची पद्धत आहे. देशासाठी किती सामने खेळला, कोणत्या दर्जाच्या स्पर्धेत खेळला, यावर गुण मिळतात. युरोपातील खेळाडूंनाही आता तीच चाळणी लागते. म्हणजे दुबळ्या संघातील गुणी मुलाची वाट अजूनही अवघडच आहे.

मित्रांनो, नियम असावेतच. घरच्या मुलांना संधी मिळालीच पाहिजे. पण आपण माळव्यातील मराठी माणसेही कधीकाळी शिंदे-होळकरांच्या पाठोपाठ बाहेरूनच आलो आणि इथलेच झालो. म्हणून आपल्या मैदानावर किंवा वर्गात एखादा नवा, परक्या बोलीचा मुलगा आला, तर तो कुठला हे विचारण्याआधी त्याच्या हाती बॅट द्या. आणि स्वतः बाहेर जाल तेव्हा खेळाबरोबर आपली कागदपत्रेही चोख ठेवा. कॉम्प्टन यांच्या चरित्रातून आम्हाला हेच घेण्यासारखे वाटते.