इब्राहिम इब्न अल-महदी

इब्राहिम इब्न अल-महदी (जन्म : इ.स. ७७९; मृत्यू : सामर्रा, इ.स. ८३९) हा अब्बासी राजपुत्र, गायक, कवी आणि अरबी भाषेतील आरंभीच्या पाकग्रंथकारांपैकी एक होता. इ.स. ८१७ ते ८१९ या काळात बगदादकरांनी त्याला खलिफा मानले होते. तथापि त्याचे नाव टिकले ते प्रामुख्याने संगीताच्या आणि स्वयंपाकाच्या इतिहासात.

पूर्वायुष्य

तिसरा अब्बासी खलिफा अल-महदी हा त्याचा पिता आणि हारून अल-रशीद हा सावत्र भाऊ. त्याची आई शिक्ला ही दासी होती. सावळा वर्ण आणि धिप्पाड देह यांमुळे त्याला अल-तिन्नीन, म्हणजे महासर्प, असे टोपणनाव पडले. सावत्र बहीण उलय्या हीदेखील नामांकित कवयित्री व गायिका होती. इसहाक अल-मौसिली हा गायक जुन्या चाली जशाच्या तशा राखण्याचा आग्रह धरी. इब्राहिम मात्र त्या आपल्या रुचीप्रमाणे बदलून गाई. हा वाद दरबारात दीर्घकाळ गाजला.

पाककला

तत्कालीन बगदादमध्ये स्वयंपाक हा केवळ सेवकांचा विषय नव्हता. उत्तम भोजनाची जाण हे सुसंस्कृतपणाचे लक्षण समजले जाई. इब्राहिमने पाककलेवर ग्रंथ रचला आणि काही पदार्थांच्या कृती पद्यातही सांगितल्या. त्याची दासी बिदआ ही शिर्क्यात शिजवलेले मांस, म्हणजे सिकबाज, तसेच थंड पदार्थ करण्यात निष्णात होती. या ग्रंथाचे श्रेय एकट्या राजपुत्राला देताना तिचा विसर पडू नये.

अल-मसूदी या इतिहासकाराने नोंदवलेली एक कथा प्रसिद्ध आहे. रक्का येथे इब्राहिमने हारूनला मेजवानी दिली. पानात आलेल्या माशाचे तुकडे फारच बारीक का, असे खलिफाने विचारले, तेव्हा त्या माशांच्या जिभा असल्याचे समजले. दीडशेहून अधिक जिभांच्या त्या पदार्थाला हजार दिरहमांवर खर्च आला होता. हारूनने तेवढीच रक्कम दानासाठी आणवल्याशिवाय घास घेतला नाही आणि ते मूल्यवान पात्रही भिकाऱ्याला देऊन टाकण्यास सांगितले.

खलिफापद आणि अज्ञातवास

खलिफा अल-मामून हा इब्राहिमचा पुतण्या. त्याने मर्व येथून अली अल-रिदा यांना वारस नेमले आणि अब्बासींचा काळा रंग सोडून हिरवा स्वीकारला. सत्ता घराण्याबाहेर जाईल या भीतीने बगदादकरांनी ८१७ मध्ये इब्राहिमला गादीवर बसवले. परंतु सैन्याचे वेतन देण्याइतके द्रव्यही त्याच्यापाशी नव्हते. ८१९ मध्ये मामून बगदादकडे येऊ लागताच तो भूमिगत झाला. सुमारे सहा वर्षांनी, स्त्रीवेषात जात असता, तो पकडला गेला. बंडखोराला देहान्ताचीच शिक्षा अपेक्षित होती; मामूनने मात्र त्याला क्षमा केली. उर्वरित आयुष्य त्याने दरबारी कवी व गायक म्हणून, पुतण्यांच्या आश्रयाने घालवले.

ग्रंथाचे भवितव्य

इब्राहिमचा मूळ पाकग्रंथ आज उपलब्ध नाही. इब्न अल-नदीमच्या दहाव्या शतकातील ग्रंथसूचीत त्याचा उल्लेख आहे. त्याच शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने १३२ प्रकरणांचा पाकग्रंथ सिद्ध केला. इब्राहिमच्या कित्येक कृती आणि कविता त्यात उतरल्यामुळेच वाचल्या.

अल-बगदादीने १२२६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात इब्राहिमिय्या नावाचा पदार्थ आढळतो. हे नाव याच राजपुत्रावरून आले असे मानले जाते. त्यात धणे, सुंठ व मिरी यांची पूड कापडी पुरचुंडीत बांधून मांसाबरोबर शिजवतात. मांस शिजल्यावर पुरचुंडी काढून घेतात आणि द्राक्षांचा आंबट रस, वाटलेले बदाम व आंबटपणा मोडण्यापुरती साखर घालतात. शेवटी गुलाबपाणी शिंपडून भांडे मंद आचेवर मुरू देतात.