पहिली मराठी स्त्री डॉक्टर : कै. आनंदीबाई जोशी



गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा सिंगापूरहून फोन आला. ती डॉक्टर झाली आहे. तिचा भाऊ तिथे चांगी बिझनेस पार्कमध्ये एका कचेरीत नोकरीला आहे आणि ती त्याच्याकडे राहते. तिथून जवळच, सिमेईला, चांगी जनरल हॉस्पिटल आहे. इंटर्नल मेडिसिन, म्हणजे शरीराच्या आतील रोगांवर औषधोपचार करण्याची जी शाखा, तिच्यातील रेसिडेन्सीसाठी तिला अर्ज करायचा होता. डॉक्टरीची पदवी मिळाली तरी नवा डॉक्टर लगेच पक्का होत नाही. काही वर्षे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली, इस्पितळात राहून, रात्रपाळ्या करून त्याला शिकावे लागते. सिंगापुरात 2010 सालापासून हे शिक्षण रेसिडेन्सी या नावाने चालते. अर्जात आपण ही वाट का धरली ते स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते, आणि तिथेच तिचे घोडे अडले होते. मास्तर, काय लिहू, असे तिने मला विचारले.

मी तिला आनंदीबाईंची गोष्ट सांगितली. ती सर्वांनीच वाचावी अशी आहे, म्हणून आज या पानावर देत आहे.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. घराणे कल्याणचे. माहेरचे नाव यमुना आणि आडनाव माहेरी-सासरी दोन्हीकडे जोशीच. घरी एके काळी चांगली जमीनजुमला होता, पण पुढे दिवस फिरले. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, पोस्टात कारकून. त्यांनीच तिचे नाव आनंदी ठेवले.

गोपाळराव हा माणूस विलक्षण होता. बायकोला शिकवायचेच, हे त्यांनी मनात घेतले होते. त्या काळी बाईच्या हाती पुस्तक दिसले तर शेजारीपाजारी नावे ठेवीत. या घरी उलटी तऱ्हा होती. पुस्तक सोडून चुलीपाशी बसलेली दिसली तर नवरा संतापे. हा संताप नुसता तोंडाचा नव्हता. लहान वयात आपल्याला लाकूड फेकून मारले, खुर्च्या आणि पुस्तके अंगावर फेकली, याची आठवण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून नवऱ्याला पत्रात स्पष्ट लिहून दिली होती. त्याच पत्रव्यवहारात त्यांनी त्याचे उपकारही मानले. ज्याने मारले त्यानेच शिकवले, अशी ही अवघड गाठ आहे. चरित्र सांगताना तिची एकच बाजू दाखवणे बरोबर नाही. आपण शिक्षक मंडळींनी तर ती विशेष लक्षात ठेवावी. विद्या आली ती तिच्या बुद्धीमुळे आणि चिकाटीमुळे आली. माराचे श्रेय त्यात काही नाही.

पोस्टाच्या नोकरीमुळे बदल्या होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर असा संसार फिरत राहिला. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य औषधपाणी मिळाले असते तर मूल वाचले असते, हे शल्य मनात राहिले. त्या काळी बाळंतपणात आणि स्त्रियांच्या आजारात पुरुष डॉक्टरला बोलावणे म्हणजे लाज, आणि स्त्री डॉक्टर तर क्वचितच मिळे. त्यामुळे कितीतरी बायका दुखणे अंगावर काढून मरत. आपण डॉक्टर व्हायचे, हे आनंदीबाईंनी इथे ठरवले.

वाट कशी मिळाली तेही ऐकण्यासारखे आहे. गोपाळरावांनी 1878 साली कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, मदत होईल का, अशी त्यात विचारणा होती. ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापले गेले. 1880 साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले मासिक त्यांनी सहज चाळले आणि हे पत्र त्यांच्या नजरेस पडले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला, जीव जडला, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एकमेकींना पाहिले नव्हते तेव्हाचे हे नाते.

गोपाळरावांना बरोबर जाणे जमेना. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीनेच जायचे ठरवले. हिंदू ब्राह्मणाची बाई समुद्र ओलांडून एकटी परदेशी जाणार, म्हणून एकच गहजब उडाला. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभे राहून त्यांनी उत्तर दिले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे ते सांगितले, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे वचन दिले. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पुरे व्हायचे होते. या भाषणाचा बोलबाला झाला आणि ठिकठिकाणांहून मदत आली.

आपल्या घरांतील जुन्या माणसांना काळ्या पाण्याची गोष्ट नव्याने सांगायला नको. 1834 नंतर आपले खापरपणजोबा जहाजात बसून या बेटावर उतरले, तेव्हा जात गेली, धर्म बुडाला, हे शब्द त्यांनीही ऐकले असतील. ते पोटासाठी आले, आनंदीबाई विद्येसाठी गेल्या. पण मागे किनारा दिसेनासा होताना मनात जे होते, ते दोघांचे सारखेच असणार.

7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून जहाज सुटले आणि 4 जून रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास. धक्क्यावर मावशी घ्यायला आल्या होत्या. उन्हाळा त्यांनी रोझेलला मावशींच्या घरी काढला. नेसणे लुगड्याचे, जेवण शाकाहारी, हे वचन त्यांनी पाळले.

आता अर्जाची गोष्ट. फिलाडेल्फिया शहरात 1850 साली निघालेले स्त्रियांचे मेडिकल कॉलेज होते. स्त्रियांना डॉक्टर करणाऱ्या जगातील अगदी पहिल्या कॉलेजांपैकी ते एक. जून महिन्याच्या अखेरीस आनंदीबाईंनी तिथे अर्ज पाठवला. हा अर्ज आजही जपून ठेवलेला आहे. त्यात फुशारकी नाही आणि रडगाणेही नाही. प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित आपल्याकडून पुऱ्या होणार नाहीत, हे त्यांनी आधीच कबूल केले. आपली गोष्ट निराळी आहे, ती लक्षात घेऊन सवलत द्यावी, अशी विनंती केली. आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून जो निश्चय इथवर घेऊन आला, तोच पुढेही कामी येईल, असे लिहिले. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण बरे मानणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे आहे, स्वतःसाठी काही मागणे नाही, असेही सांगितले. पैसा अपुरा पडेल तेवढीच मदत मागितली. आणि आपली प्रकृती चांगली आहे, हेही त्यात लिहिले.

कॉलेजाच्या डीन रेचल बॉडले यांनी त्यांना आपलेसे केले. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली.

पण प्रकृती चांगली राहिली नाही. फिलाडेल्फियाची थंडी कडक, राहण्याची खोली धुराने कोंदलेली, आहार अपुरा. आनंदीबाई वरचेवर आजारी पडू लागल्या. खोकला, ताप, अशक्तपणा यांनी पाठ सोडली नाही. तरी अभ्यास थांबला नाही. त्यांच्या काळी त्याच कॉलेजात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली याही शिकत होत्या. तिघींनी आपापल्या देशाच्या पोशाखात 1885 साली एकत्र काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. पूर्वेच्या तीन देशांच्या तीन मुली, आणि तिघींचा हेतू एक.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा होता. समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनी देशातच राहून डॉक्टरी पुरी केली. म्हणजे 1886 हे साल हिंदुस्थानच्या स्त्रियांना दोन दारे उघडून गेले.

पदवी झाली, पण माझ्या विद्यार्थिनीपुढे आज जो प्रश्न आहे, तोच तेव्हा आनंदीबाईंपुढे आला. इस्पितळात राहून प्रत्यक्ष काम कुठे शिकायचे? त्या काळी अमेरिकेतील बहुतेक इस्पितळांत स्त्री डॉक्टरांना शिरकाव नव्हता. पदवीचा कागद हाती, पण रोग्याच्या खाटेजवळ उभे राहून शिकायला जागा नाही, अशी त्यांची स्थिती असे. ही अडचण ओळखून मारी झाक्रझेव्स्का या स्त्री डॉक्टरने 1862 साली बोस्टनमध्ये स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी न्यू इंग्लंड हॉस्पिटल काढले. तिथे रोगी स्त्रिया, डॉक्टर स्त्रिया, आणि नव्या स्त्री डॉक्टरांना राहून शिकण्याची सोय. अमेरिकेतील पहिली शिक्षण घेतलेली परिचारिका लिंडा रिचर्ड्स हीही 1873 साली याच इस्पितळात तयार झाली. आनंदीबाई पदवीनंतर या इस्पितळात कामाच्या अनुभवासाठी गेल्या. आज ज्याला आपण रेसिडेन्सी म्हणतो, तिचेच हे जुने रूप. पण शरीर खचले होते. इस्पितळाचे काम धडधाकट माणसालाही दमवते. त्यांना ते फार दिवस झेपले नाही.

इकडे कोल्हापूर संस्थानाने त्यांना बोलावले. तिथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे द्यायचे ठरले. ज्या गावाहून आठ वर्षांपूर्वी मदतीचे पत्र गेले होते, त्याच गावाने आता डॉक्टरीणबाई म्हणून मागणी घातली. आनंदीबाईंनी ती स्वीकारली. ऑक्टोबर 1886 मध्ये पती-पत्नी अमेरिकेहून निघाली आणि 16 नोव्हेंबरला मुंबईस पोहोचली. लोकांनी स्वागत केले, वर्तमानपत्रांनी कौतुक केले. एकेकाळी नावे ठेवणारेही आता अभिमानाने नाव घेऊ लागले.

पण ती जागा रिकामीच राहिली. क्षयाने शरीर पोखरले होते. उपचारासाठी त्यांना पुण्याला आणले. वैद्यांची औषधे झाली, गुण आला नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला असताना, आनंदीबाई गेल्या. एकाही कोल्हापूरकर बाईची नाडी त्यांना पाहता आली नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला मावशींकडे पाठवली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेवली आहे. कोल्हापूरचे ते इस्पितळ आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून चालू आहे.

मग हे आयुष्य वाया गेले का? तसे म्हणता येणार नाही. 1892 साली त्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या आणि पुढे मुंबईला परतल्या. 1894 साली डॉ. रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांची सेवा केली. एकीने पायवाट पाडली आणि दुसऱ्या तिच्यावरून चालल्या. आनंदीबाईंवर श्री. ज. जोशी यांनी लिहिलेली आनंदी गोपाळ ही कादंबरी 1968 साली आली, पुढे नाटक झाले आणि 2019 साली चित्रपटही झाला. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे नाव दिले आहे.

माझ्या विद्यार्थिनीला मी दोन गोष्टी सांगितल्या. अर्जात आपले कमी आहे ते लपवू नकोस, आणि कोणासाठी शिकायचे आहे ते सरळ लिही. आनंदीबाईंच्या पत्रात एवढेच होते, आणि तेवढ्याने दार उघडले. तिसरी गोष्ट मात्र तिच्या आईने सांगितली. पोरी, वेळेवर जेव, झोप घे, अंगावर दुखणे काढू नकोस. मला वाटते, त्या थंड खोलीत खोकत बसलेल्या आनंदीबाईंना हे सांगणारे माणूस जवळ असते, तर कोल्हापूरच्या बायकांना त्यांची डॉक्टरीणबाई मिळाली असती.

आपल्या मुली आज समुद्रापार शिकायला जातात. त्यांना आता कोणी जातीबाहेर टाकत नाही. आपण त्यांच्या फीची काळजी करतो, परीक्षेच्या निकालाची चौकशी करतो. पुढच्या फोनवर त्यांची प्रकृतीही आधी विचारावी, ही विनंती.