थायरॉइडच्या रिपोर्टवर ज्यांचं नाव असतं, ते हाशिमोटो होते तरी कोण?

थायरॉइड कमी पडतोय म्हणून तपासणी केली की अनेक जणींच्या फाइलवर एक नाव येतं, हाशिमोटो. हे नाव जपानमधल्या एका गावच्या डॉक्टरचं आहे.

हकारू हाशिमोटो यांचा जन्म १८८१ चा, जपानच्या मिए प्रांतातला. डॉक्टरकी घरात पिढीजात होती. १९०७ मध्ये फुकुओकाच्या मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले आणि तिथल्याच सर्जरी विभागात काम करू लागले.

तिथे त्यांनी चार बायकांच्या केसेस अभ्यासल्या. चौघींचाही गळा सुजलेला. ऑपरेशन करून काढलेला थायरॉइडचा भाग मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर त्यात पांढऱ्या पेशी ठासून भरलेल्या. अशी टणक गाठ पाहून कॅन्सरची शंका यायची. पण हा कॅन्सर नव्हता आणि नेहमीचा गलगंडही नव्हता. हा वेगळाच आजार आहे, असं त्यांनी १९१२ मध्ये एका जर्मन जर्नलमध्ये मांडलं.

पुढे ते शिकायला जर्मनीला गेले, पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि परतावं लागलं. १९१६ पासून त्यांनी गावातच दवाखाना चालवला. पेशंट बघायला ते रिक्षाने, म्हणजे माणसाने ओढायच्या गाडीतून जायचे. १९३४ मध्ये टायफॉइडने त्यांचं निधन झालं. वय होतं ५२.

तोपर्यंत अनेक डॉक्टर हा स्वतंत्र आजार मानायलाच तयार नव्हते. १९५६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी कोडं सोडवलं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करते. हाशिमोटोंना दिसलेल्या पांढऱ्या पेशी त्याच हल्ल्याच्या खुणा होत्या.

आता याच आजारासाठी सोशल मीडियावर सेलेनियमच्या गोळ्या सुचवल्या जातात. थायरॉइडला सेलेनियम लागतं, हे खरं. हार्मोन वापरण्याजोगं करणारी एन्झाइम्स त्यावरच चालतात. काही अभ्यासांत या गोळ्यांनी अँटिबॉडीज कमी झाल्या. पण त्यामुळे पेशंटला नेमका किती फायदा होतो, हे अजून ठरलेलं नाही. शिवाय सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

त्या चौघींच्या गळ्यावर सुरी चालवावी लागली. आज बहुतेकींचं निदान रक्ततपासणीतच होतं आणि हार्मोन कमी पडलं तर रोजची एक गोळी पुरते. त्या गोळीची जागा सेलेनियम घेऊ शकत नाही. म्हणून रील बघून काहीही सुरू करण्याआधी आणि चालू गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.