नॅन्सी क्युनार्ड : व्यक्तिरेखा आणि व्यक्ती

कादंबरीतील व्यक्तिरेखेमागील खरी व्यक्ती शोधताना त्या व्यक्तीचे स्वतःचे कर्तृत्व दृष्टिआड होण्याचा संभव असतो. नॅन्सी क्युनार्ड हिचे चरित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

तिचा जन्म १८९६ साली इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात, प्रसिद्ध जहाज कंपनीच्या संस्थापकाच्या घराण्यात झाला. तिची अमेरिकन आई लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळातील अग्रगण्य यजमानीण होती. १९२० च्या सुमारास नॅन्सी पॅरिसला स्थायिक झाली. मॅन रे याने टिपलेले, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हस्तिदंती कडी ल्यालेले तिचे छायाचित्र त्या काळाचे प्रतीक ठरले. आल्डस हक्सलीच्या ‘अँटिक हे’ (१९२३) मधील मायरा, ‘पॉइंट काउंटर पॉइंट’ (१९२८) मधील लूसी आणि मायकेल आर्लेनच्या ‘द ग्रीन हॅट’ (१९२४) मधील आयरिस या नायिका तिच्यावरून बेतलेल्या मानल्या जातात. हक्सलीचे तिच्यावरील प्रेम असफल ठरले होते. त्याच्या दोन्ही नायिकांच्या चित्रणात मोहकता आणि भावशून्यता एकत्र येतात, ही गोष्ट त्या संदर्भात पाहावयास हवी.

याच काळात ती स्वतः लिहीत होती. तिचे ‘पॅरालॅक्स’ हे दीर्घकाव्य १९२५ साली वुल्फ दांपत्याच्या होगार्थ प्रेसने प्रसिद्ध केले. १९२८ मध्ये तिने नॉर्मंडीत ‘अवर्स प्रेस’ स्थापन केला. तेथे ती स्वतः खिळे जुळवी. सॅम्युएल बेकेटची स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेली पहिली कृती १९३० साली याच मुद्रणालयातून बाहेर पडली.

हेन्री क्राउडर या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकाराशी असलेल्या संबंधांवरून आईशी तिचे वितुष्ट आले. १९३१ मध्ये तिने आईच्या वर्णद्वेषावर जाहीर टीका करणारी पुस्तिका काढली. पुढे १९३४ साली ‘निग्रो’ हा आठशेहून अधिक पृष्ठांचा संकलनग्रंथ तिने सिद्ध केला. लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन आदींचे लेखन त्यात आहे. स्पेनच्या यादवी युद्धात तिने प्रजासत्ताकाच्या बाजूने वार्तांकन केले. दुसऱ्या महायुद्धात तिच्या नॉर्मंडीतील घराची लूट झाली.

अखेरच्या वर्षांत मद्यपान आणि मानसिक अस्वास्थ्य यांनी तिला ग्रासले. १९६० मध्ये तिला काही काळ मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. मार्च १९६५ मध्ये पॅरिसच्या कोशँ रुग्णालयात, अत्यंत कृश अवस्थेत, तिचा एकाकी अंत झाला.

हा शेवट कादंबऱ्यांतील नायिकांना साजेसा वाटतो, आणि म्हणूनच चरित्राचा अर्थ त्यांच्या आधारे लावण्याचा मोह होतो. परंतु त्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या तेव्हा ‘निग्रो’ अस्तित्वात नव्हता. तिच्या कार्याचे मूल्यमापन त्या ग्रंथापासून सुरू करणे अधिक न्याय्य ठरेल.