पंडिता रमाबाई : जनगणनेतील तूट आणि मुलीचे बालपण

भारतीय वाङ्मयाच्या इतिहासात पंडिता रमाबाई सरस्वती यांचा उल्लेख सामान्यतः संस्कृत विदुषी, धर्मांतरित समाजसुधारक आणि बायबलच्या मराठी भाषांतरकर्त्या अशा तीन नात्यांनी होतो. लोकसंख्येतील स्त्रियांच्या तुटीचा त्यांनी लावलेला अर्थ मात्र या तिन्ही चौकटींबाहेर राहिला. वस्तुतः त्यांचे चरित्र आणि त्यांचे लेखन यांना जोडणारा दुवा तेथेच सापडतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्यापायी सनातनी पंडितांचा रोष पत्करला. पुढे रमाबाईंना संस्कृतचे पाठ मिळाले ते मुख्यतः आईकडून. तीर्थाटन करीत पुराणे सांगणाऱ्या या कुटुंबाला दक्षिणेतील दुष्काळाने गाठले. आईवडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. १८७८ मध्ये भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भावाचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये कन्या झाली, तिचे नाव मनोरमा ठेवले. मुलीच्या जन्मावर उमटलेली आनंदाची मुद्राच त्या नावात आहे. पुढच्याच वर्षी पटकीने पतीचे निधन झाले.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहिला. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिकांइतकाच आग्रह स्त्री-डॉक्टरांसाठी धरला. पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगता न येणारी स्त्री उपचाराविना मरते, ही त्यामागील जाणीव होती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथेच ख्रिस्ती झाल्या. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. पुढील वर्षी, आनंदीबाई अकाली निवर्तल्या त्याच वर्षी, फिलाडेल्फियात ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो आईला अर्पण केलेला आहे.

ग्रंथाची मांडणी स्त्रीच्या आयुष्यक्रमानुसार बालपणापासून वैधव्यापर्यंत जाते आणि अखेरीस आवाहनावर थांबते. या मांडणीत बालपणाचे प्रकरण निर्णायक ठरते. पुत्राची आस, केवळ मुलींना जन्म देणाऱ्या स्त्रीचे घरातील डळमळीत स्थान, विवाहखर्चाची धास्ती आणि काही जातींतील बालिकाहत्या यांची संगती त्या तेथे लावतात. अमृतसर शहरातून एका वर्षात ३०० मुले लांडग्यांनी नेल्याची आणि ती सर्व मुलीच असल्याची नोंद त्या अशा शांत उपरोधाने पुढे ठेवतात की, वाचकाला लांडग्यांविषयी निराळे स्पष्टीकरण लागत नाही. त्यानंतर १८८१ च्या जनगणनेकडे वळून पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया ५० लाखांहून अधिक कमी असल्याकडे त्या लक्ष वेधतात. कारणे सांगताना त्या बालिकाहत्येवर थांबत नाहीत. स्त्रियांच्या दुखण्यांवरील अपुरे उपचार आणि आरोग्याची हेळसांड यांनाही त्या जबाबदार धरतात.

या विवेचनाचे महत्त्व येथे आहे. १८७० च्या बालिकाहत्या प्रतिबंधक कायद्याने या प्रश्नाकडे विशिष्ट प्रदेशांतील व जमातींतील गुन्हा म्हणून पाहिले. रमाबाईंच्या लेखी हत्या आणि उपेक्षा ही एकाच अवमूल्यनाची दोन रूपे होती. पहिलीला कायदा लावता येतो, दुसरीला आरोपीच सापडत नाही. १९९० मध्ये अमर्त्य सेन यांनी ‘हरवलेल्या स्त्रियां’चा प्रश्न मांडताना आहार व उपचारांतील भेदभावावर भर दिला. त्याची एक पूर्वखूण शतकापूर्वीच्या या ग्रंथात आहे.

ग्रंथाच्या मर्यादाही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. तो इंग्रजीत, परदेशी वाचकांकडून साहाय्य मिळविण्यासाठी लिहिलेला होता. शीर्षकानेच त्याने आपली दृष्टी उच्चवर्णीय स्त्रीपुरती आखून घेतली. ज्यांच्याविषयी तो बोलत होता, त्या स्त्रियांना तो वाचता येणे जवळजवळ अशक्य होते. त्या साहाय्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले आणि धर्मांतराच्या वादात सापडले. १८९६ पासूनच्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांत व गुजरातेतून निराधार मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या, तेव्हा ग्रंथाने स्वतःभोवती आखलेली जातीची रेषा कार्याने ओलांडली. दुष्काळात आपले घर गमावलेल्या मुलीनेच ते घर उभारले होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

गर्भलिंगचिकित्सेवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राने १९९४ मध्ये. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण देशभरात १९९१ मधील ९४५ वरून २००१ मध्ये ९२७ वर आले, पंजाबात ते ७९८ होते. अमृतसरच्या लांडग्यांची जागा यंत्राने घेतली. जनगणनेच्या कोष्टकाकडे समाजाचे आत्मचरित्र म्हणून पाहण्याची रमाबाईंची रीत म्हणूनच केवळ वाङ्मयेतिहासाचा विषय ठरत नाही.